'स्केल इफेक्ट्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मोठ्या फलकांच्या छपाईवर मराठीत टिपण लिहितोय. फोटोशॉपमधल्या, सावलीसारख्या इफेक्ट्सचा आकार बदलणाऱ्या 'स्केल इफेक्ट्स' या आज्ञेपाशी अडलोय. 'परिणामांचे प्रमाणीकरण' चालेल का?

प्रतिसाद १: नको. प्रमाणीकरण म्हणजे स्टँडर्डायझेशन, आणि 'प्रमाणित' म्हटलं की शिक्का मारलेला दाखलाच आठवतो. 'प्रमाण' हे नाम मात्र घ्या. नकाशाचं प्रमाण म्हणतो, तशी १:१० प्रमाणातली फाइल. क्रियापदाला 'पटीत वाढवणे'.

प्रतिसाद २: मग सरळ 'पटवणे' म्हणा की! सावली पटली तर बरंच.

प्रतिसाद ३: शब्द ठरवण्याआधी इथे नेमकं काय वाढतं ते पाहू. २० × १० फुटांचा फलक १:१० प्रमाणात केला, तर फाइल २४ × १२ इंचांची होते. इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर त्यात १० पिक्सेलची सावली साधारण ०.८५ मिलिमीटरची, दहापट छापल्यावर ८.५. आता त्याच फाइलचे पिक्सेल दोन्ही बाजूंनी दुप्पट केले आणि सावली १० पिक्सेलच राहिली, तर छापील सावली निम्म्यावर येते. अक्षरं तेवढीच, सावली मात्र आक्रसलेली. लेअर स्टाइल, म्हणजे चित्राच्या थराला लावलेले सावलीसारखे इफेक्ट, हे चित्रात न मुरलेले, पिक्सेलमध्ये दिलेले आकडे असतात, म्हणून ही भानगड. चित्रातच मुरलेला ब्लर (धूसरपणा) चित्राबरोबर वाढतो, त्याची काळजी नको. फाइलचा आकार बदलायच्या 'इमेज साइझ' या चौकटीत 'स्केल स्टाइल्स'वर खूण असेल, तर आकडेही त्याच पटीत बदलतात. पण सावलीचा 'साइझ' २५० पिक्सेलांपुढे जात नाही, त्यामुळे फाइल उगाच फुगवू नये. लांबून बघायच्या फलकाला छापील आकारात इंचामागे ३० पिक्सेलही पुरतात.

प्रश्नकर्ता: मग 'वाढवणे'ही अपुरंच, कारण हीच आज्ञा इफेक्ट लहानही करते.

प्रतिसाद १: खरंय. 'पटीत बदलणे' घ्या, निम्मी पटही पटच. आणि 'इफेक्ट'चं 'परिणाम' करू नका. 'सावलीचा परिणाम' वाचून लोक ज्योतिषाकडे वळतील.

प्रतिसाद ३: आज्ञेचं नाव पडद्यावर दिसतं तसंच अवतरणात ठेवा, नाहीतर वाचकाला मेन्यूत ते सापडायचं नाही. पुढे लिहा, 'स्केल स्टाइल्सवर खूण नसताना फाइल दुप्पट केलीत, तर इफेक्टही २०० टक्के करा.'