मंडळाचा पाऊस मोजताना रडारची नोंद धरावी का?

पऱ्हाटी_आर्णी
महसूल मंडळाच्या (म्हणजे काही गावांच्या गटाच्या) पर्जन्यमापक केंद्रावर 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस नोंदला, तरच भरपाईसाठी मंडळ अतिवृष्टीत धरतात. आमचं केंद्र गावापासून लांब. गेल्या जुलैत रात्रीतून नाला फुगला आणि काठच्या वावरातली पऱ्हाटी (कपाशी) मातीसकट खरडून गेली. वर खडक उघडा पडला. केंद्रावर त्या रात्रीची नोंद किरकोळ, म्हणून तलाठी आलाच नाही. पावसाळ्यातले विजांचे ढग अख्ख्या मंडळावर सारखे बरसत नाहीत हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. नागपूरला हवामान विभागाचं डॉप्लर रडार आहे, त्याला असे ढग दिसतात. मग केंद्राच्या आकड्यासोबत रडारही बघा ना! आमच्या शिवारावर जोराचा पाऊस दिसला तर निदान पंचनाम्याला माणूस पाठवा.

जुना_पर्जन्यमापक, दर्यापूर
भाऊ, नुकसान झालं ते खरंच आहे, पण रडारवर एवढा भरवसा ठेवू नका. रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परतलेल्या लहरींची ताकद मोजतं. ती ताकद थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते. म्हणजे 2 मिमीचा एक थेंब 1 मिमीच्या 64 थेंबांएवढा दिसतो, पाणी मात्र त्यात आठच थेंबांचं. त्यावरून पाऊस काढायचं मार्शल-पामर सूत्र 1948 चं. आजही वापरतात, पण थेंबांचा आकार ढगागणिक बदलला की उत्तर चुकतं. गारा असल्या तर पाऊस भलताच जास्त दिसतो.

दुसरं अंतराचं. आर्णी नागपूरपासून सरळ रेषेत दीडशे किमीच्या पुढे. जमिनीशी अर्ध्या अंशाचा कोन करून सोडलेला रडारचा किरण तिथे पोहोचेपर्यंत जमिनीपासून अडीच-तीन किमी वर गेलेला असतो. त्याखाली थेंब वाळले की वाऱ्याने सरकले, ते त्याला दिसत नाही. मापकात पडलेलं पाणी मात्र डोळ्यांनी दिसतं.

कृषी_अभियांत्रिकी, अकोला
काका, मापकाचं तोंड केवढं? हवामान विभागाच्या साध्या मापकाचं 100 किंवा 200 चौरस सेंटीमीटर, आणि तेवढ्यावर अख्ख्या मंडळाचा निकाल. स्वयंचलित केंद्रात बहुतेक ठिकाणी दोन कप्प्यांची डोलती वाटी असते. एक कप्पा भरला की वाटी कलते आणि एक टिचकी नोंदली जाते. मुसळधार पावसात वाटी कलता कलता पडणारं पाणी मोजणीतून सुटतं. नरसाळ्यात कडुनिंबाचा पाला अडकला तर पाणी थेंबथेंब उतरतं आणि तासाभराचा पाऊस रात्रभर पसरलेला दिसतो. म्हणजे मापकही चुकतो.

म्हणून एकट्या रडारवर विसंबू नये, हे मान्य. मापकाने आकडा ठरवावा, रडारने पाऊस कुठे कमी-कुठे जास्त ते दाखवावं. जगभर असंच जोडतात. दोन मोबाइल टॉवरांच्या मधला सिग्नल पावसाने क्षीण होतो, त्यावरूनही पाऊस काढता येतो. इस्रायलमध्ये 2006 मध्येच हे दाखवून झालंय. उपग्रहाच्या पावसाच्या नकाशातला एक चौकोन मात्र साधारण 10 किमीचा असतो, एका गावासाठी तो फार मोठा.

संत्रा_वरुड
ताई, विज्ञान बरोबर असेल. पण हा अंदाज कोणाच्या हातात जाणार? आमचा फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यावरच ठरतो. उद्या आमच्या केंद्रावर पाऊस नोंदला आणि कंपनीने रडारचा नकाशा पुढे केला, 'तुमच्या बागेवर ढगच नव्हता', तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं? मापकाची नोंद शेतकऱ्याला वाचता येते, रडारचं गणित येत नाही. गावागावात मापक लावा. केंद्र सरकारची विंड्स योजना ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापकासाठीच आहे, ती पूर्ण करा. आधी हेच व्हायला पाहिजे.

पऱ्हाटी_आर्णी
वरुडवाले दादा, ही भीती रास्त आहे. म्हणून नियमच असा लिहा: रडारवरून पंचनामा सुरू करता येईल, पण मापक केंद्राच्या नोंदीवरून मिळणारी भरपाई रडारवरून नाकारता येणार नाही. गावागावात मापक येईपर्यंत दरवर्षी माती वाहून जाते. ती परत येत नाही.

जुना_पर्जन्यमापक, दर्यापूर
या अटीवर माझा विरोध थोडा कमी होतो, संपत नाही. रडारवर काहीच न दिसता खरडलेली वावरं आहेत, त्यांचं काय? तलाठी तिथेही गेला पाहिजे, आकडा काहीही असो. आणि केंद्राच्या दर तासाच्या नोंदी मंडळ कार्यालयाबाहेर लावा. वाटी बंद पडली तर गावाला त्याच दिवशी कळेल.