12 बाय 18 चा हॉल आणि 3 लाखांचे टॉवर स्पीकर : घ्यावेत की नाही?

केळीबाग, जळगाव
नवं घर झालं. हॉल 12 बाय 18 फूट, खाली गुळगुळीत फरशी, एका भिंतीला आख्खं काचेचं शोकेस. ऐकणं म्हणजे ख्याल, ठुमरी, थोडं जुनं हिंदी. नाशिकला शोरूममध्ये 3 लाखांची टॉवरची (जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरची) जोडी अर्धा तास ऐकली. डग्ग्याची घुमक थेट पोटात जाणवली. धाकटा भाऊ म्हणतो, बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) घे आणि उरलेल्या पैशांत ठिबक बदल. माझं मत, एकदाच घ्यायचं तर मोठंच घ्यावं. चुकत असेन तर सांगा, पण कारण देऊन.

धुळेकर
चुकताय. हा शहाणपणा मी करून बसलोय. माझी खोली 10 बाय 12, उंचीही 10. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर, त्याला 10 फुटांच्या दुपटीने, म्हणजे 6.1 मीटरने भागा. 56 हर्ट्झ येतात, म्हणजे सेकंदाला 56 कंपनांचा हा खालचा सूर खोलीत घुमतो. रुंदीलाही तेच, उंचीलाही तेच. बेस गिटारची उघडी ए तार 55 हर्ट्झची. ती वाजली की कपाटातले स्टीलचे पेले झणझणतात आणि गाणारा बाजूलाच राहतो. शेवटी स्पीकरच्या मागच्या पोर्टमध्ये (बेसची हवा सोडणाऱ्या भोकात) पायमोजे कोंबले. महागड्या स्पीकरच्या पोटात पायमोजे!

खर्ज
धुळेकरांची खोली डबीएवढी आहे, तिचा न्याय 18 फुटी हॉलला कशाला? टॉवरमध्ये मोठा आवाज म्हणजे फक्त ढुम्म नव्हे. चांगल्या थ्री-वे जोडीत, म्हणजे खालचे, मधले, वरचे सूर वेगळे काढणाऱ्या, मधल्या सुरांना वेगळा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) असतो, त्यामुळे डग्गा जोरात बसला तरी गळा हलत नाही. शिवाय संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये किती आवाज निघतो ते, बघा. एकाची 90 डेसिबल, दुसऱ्याची 85, तर तेवढ्याच आवाजाला दुसऱ्याला जवळपास तिप्पट वॅट लागतात. आणि बुकशेल्फ काय हवेत ठेवणार? स्टँडवर ठेवलं की जागा तेवढीच अडते.

ओसरी, अमळनेर
ख्याल ऐकायला किती खाली जायचंय, हे आधी ठरवा. काळी एकच्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झ. 50 पर्यंत नीट उतरणारं बुकशेल्फ तो आरामात वाजवतं. टॉवर घेऊन 30 हर्ट्झपर्यंत उतरायचे पैसे मोजून त्या मजल्यावर राहायला कोणी येणारच नाही! बीबीसीने 1970च्या दशकात एलएस 3/5ए नावाचा चपलांच्या खोक्याएवढा स्पीकर केला. माणसाचा आवाज त्यावर कसा येतो, याचं कौतुक लोक अजून करतात.

खर्ज
तो ओबी व्हॅनसाठी (बाहेरून प्रसारण करणाऱ्या गाडीसाठी) होता हो! व्हॅनमध्ये जागा नव्हती म्हणून लहान केला, लहान चांगला म्हणून नव्हे. आणि 69 हर्ट्झ निघणं वेगळं, मैफलीच्या जोरात न दमता निघणं वेगळं.

ओसरी, अमळनेर
जोराचं मान्य. पण घरात रात्री दहाला मैफलीच्या जोरात कोण लावू देतं? आमच्याकडे तर मे महिन्यात कूलरपुढे तंबोराच हरतो.

भुसावळ डाऊन
पैसा तुन्हा शे भाऊ, कान बी तुन्हाच. पण एक विचारतो. शोरूममध्ये स्पीकर भिंतीपासून किती लांब होते? घरी किती लांब राहतील?

केळीबाग, जळगाव
तिथे चारेक फूट असतील. घरी टीव्हीच्या दोन बाजूंना, फूटभर.

भुसावळ डाऊन
मग तुम्ही ऐकलं ते घरी येणारच नाही. भिंत जवळ आली की खालचे सूर फुगतात, कोपऱ्यात आणखी. सोफाही मागच्या भिंतीला टेकलेला असणार. तो 3 फूट पुढे ओढा, फुकटात फरक पडेल.

धुळेकर
मी भिंतीला कापसाच्या गाद्या उभ्या केल्या. टाळीचा खणखणाट गेला, घुमणं तसंच.

भुसावळ डाऊन
तसंच राहणार. 56 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची पाव लांबीच दीड मीटर होते, त्यापुढे गादी चार इंची. जाड गालिचा, पडदा, पुस्तकांचं कपाट यांनी वरचे सूर आवरतात. आजोळच्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया. तिथे मामाचा साधा रेडिओसुद्धा गोड वाजायचा. तुमच्या फरशीवर आणि काचेवर स्स-स्स आधी ऐकू येईल.

खर्ज
म्हणजे टॉवर नकोत असं नाही, हॉल सुधारा असं म्हणताय. मग मी हरलो कुठे?

ओसरी, अमळनेर
3 लाखांत हरलात. 1 लाखाचं बुकशेल्फ, एक सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर), बाकी गालिचा-पडदे. सब हवं त्या कोपऱ्यात सरकवता येतो, टॉवरचं पोट सरकवता येत नाही.

खर्ज
आणि तो सब 80 हर्ट्झला, जिथे बुकशेल्फ सुटतो आणि सब धरतो तिथे, जुळवत बसायला चार महिने रविवार घालवा.

केळीबाग, जळगाव
दुकानदाराला फोन केला. डिपॉझिट ठेवून दोन दिवस घरी लावून बघा म्हणाला, टॉवरही आणि बुकशेल्फही. पण आधी शोकेस तिथून हलवायचं आहे आणि घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. रविवारी जळगावात कोणी असेल तर हात लावायला या. भरीत आणि कळण्याची भाकरी नक्की.