फाशी कायद्यात आहेच, प्रश्न तारखांचा आहे

मुलांवरच्या बलात्काराला ‘राज्याने स्वतःचा कायदा करून थेट फाशी ठेवावी’ असं संतापून म्हटलं जातं, तो संताप पटतो. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात, अतिगंभीर बलात्काराला किमान २० वर्षं ते फाशी आहेच. फाशीची तरतूद असलेलं महाराष्ट्राचं शक्ती विधेयकही डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती मात्र मिळाली नाही.

पॉक्सोच्या कलम ३५ चा विषय मात्र कुणी काढत नाही. न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल, असं त्यात आहे. इथे सिडकोत ओळखीतली एक पोरगी तक्रारीच्या वेळी चौथीत होती, साक्षीला उभी राहिली तेव्हा सातवीत. आदल्या रात्री ताटावर बसून नुसतं विचारत होती, “परत सगळं सांगायचं का, मावशी?” राज्याने आधी पॉक्सोची जादा न्यायालयं आणि पुरेसे सरकारी वकील द्यावेत.