प्रतिसाद: सही पुरेशी नाही

मूळ प्रश्न असा आहे की मूलनिवासी समाजात संशोधन करताना प्रत्येकाचं संमतिपत्र घेतलं की काम भागत नाही का. नाही भागत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या हावासुपाई या मूलनिवासी जमातीतल्या लोकांनी १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि स्थलांतराच्या अभ्यासाला वापरले गेले. २०१० मध्ये ७ लाख डॉलर भरपाई आणि नमुने परत, अशी तडजोड झाली. संमतिपत्रं होती, पण शब्द ढोबळ होते.

कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या कानावाके या मोहॉक मूलनिवासींच्या वस्तीत उलट घडलं. फॅमिली डॉक्टरांनी मधुमेहाचे आकडे आधी गावासमोर मांडले. मुलांसाठी काही करा, ही मागणी गावातून आली आणि १९९४ मध्ये शाळांतून मधुमेह रोखण्याचा प्रकल्प उभा राहिला. त्यांच्या लेखी नियमांत निष्कर्ष आधी समाजाला कळवायचे असतात. अर्थ लावण्यात मतभेद झाले तर समाजाचं मतही छापायचं.

म्हणून समाजासोबतच्या करारात स्पष्ट लिहा: कोणती चाचणी, नमुना कुठे राहणार, कधी नष्ट होणार, नव्या वापराला कोणाची परवानगी. आणि तक्ते जपून छापा. लहान वस्तीत वय, लिंग आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.