शनिवारी आठ जणांचे जेवण: थाळी की मागवून?

प्रश्न: शनिवारी रात्री आम्हा आठ जणांना, त्यात गुडघे दुखणारी आईही आहे, पुण्यात डेक्कनच्या आसपास निवांत जेवायचे आहे. कोठे जावे?

उत्तर १: आपटे रस्त्यावरील ‘श्रेयस’ किंवा टिळक रस्त्यावरील ‘दुर्वांकुर’ येथे मराठी थाळी मिळते. मात्र बाहेर माणसे ताटकळत असली की कोणत्याही थाळीवर गप्पा रंगत नाहीत. गप्पाच हव्या असतील तर मेनूकार्ड पाहून एकेक पदार्थ मागवून खाणे बरे.

उत्तर २: साडेसातच्या आत पोहोचा आणि तळमजल्यावरचे टेबल फोनवरच मागा. एके ठिकाणी (नाव नको) माझ्या सासूबाईंना मठ्ठ्याच्या वाटीसाठी एकवीस पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या.

उत्तर ३: साध्या उपाहारगृहात बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो; सेवाशुल्क मात्र ऐच्छिक असते.