घरी ट्रंपेट रेकॉर्ड करायला माइक कुठला घ्यावा?

कृष्णाकाठ

मंडळी, ट्रंपेट मी वाजवत नाही, आमचे अण्णा वाजवतात. वय ६८, मुक्काम सांगली. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात होते, लाल कोट, सोनेरी झालर, सगळं. वरातीत डीजे शिरला तसा बँड मोडला, पण अण्णांनी वाद्य काही मोडीत घातलं नाही. रोज दिवेलागणीच्या आधी अर्धा तास फुंकतात.

आता अडचण दातांची आहे. समोरचे दोन हलतायत. माउथपीस टेकतो ओठांवर, पण मागून टेकू दातांचा असतो, हे मला या वयात कळलं. डॉक्टर म्हणतात दिवाळीनंतर काढू. नवे दात बसवून वाजवणारे आहेत म्हणे, पण ओठ पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागतात. अण्णा म्हणतात, "आता कोण बसवतंय." म्हणून त्याआधी त्यांच्या वहीतल्या जमतील तेवढ्या चाली धरून ठेवायच्यात.

फोनवर करून बघितलं. पहिला सूर दणक्यात येतो, मग फोन आपणहून आवाज दाबतो, जरा थांबलं की परत फुगवतो. भरती-ओहोटी नुसती. मग ऑफिसच्या कॉलसाठी घेतलेला यूएसबी कंडेन्सर माइक लावला. आवाज फाटला. गेनचं, म्हणजे आवाज वाढवायचं, बटण तळाला नेलं तर बारीक आवाजात फाटलेला आला. अण्णांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "हा मी नव्हे. हा उसाचा ट्रॅक्टर."

खोली दहा बाय बारा. २०१९च्या पुरात गाद्या, पडदे, लाकडी कपाट सगळं गेलं. नंतर अण्णांनीच हट्टानं कमरेपर्यंत भिंतींना टाइल्स लावून घेतल्या, पुन्हा पाणी आलं तर पुसता यावं म्हणून. आता टाळी वाजवली की खोली उलट टाळी देते.

बजेट सगळं मिळून वीस हजार. काय घेऊ?

तारवाला

मोठ्या डायफ्रामचा, म्हणजे आतल्या पडद्याचा, चांगला कंडेन्सर घ्या आणि विषय संपवा. स्टुडिओत तेच असतं.

फेडर_खाली

स्टुडिओत त्या कंडेन्सरभोवती स्टुडिओही असतो. इथं टाइल्स आहेत.

कृष्णाकाठ, तुमचा माइक का फाटतो ते तुम्हीच लिहिलंय. गेन खाली आणला तरी फाटलेलाच आला, म्हणजे बटणापर्यंत पोचायच्या आधी माइकच्या पोटातच सर्किट भरून वाहिलं. उतू गेलेलं दूध गॅस बारीक केल्यावर पातेल्यात परत येत नाही. माइकच्या कागदावर 'कमाल एसपीएल' असा एक आकडा असतो, म्हणजे किती जोराचा आवाज तो न फाटता सोसतो. बोलण्यासाठीच्या यूएसबी माइकांत तो १२० डेसिबलच्या आसपासही असतो, आणि बँडवाल्याचं ट्रंपेट भोंग्याच्या तोंडाशी त्याच्या वर सहज जातं. उलट ऑडिओ टेक्निकाचा एटी २०२० हा साधा कंडेन्सर १४४ सोसतो. म्हणजे कंडेन्सर चालतच नाही असं नाही. पण तो भिंतीवरून आलेलं बारीकसारीकही इमानदारीनं टिपतो, आणि तुमच्या भिंती ऐकवण्याजोग्या नाहीत.

माझं मत विचाराल तर शुअर एसएम ५७. १९६५ सालापासून चालत आलेला डायनॅमिक माइक. जोराच्या आवाजाला डगमगत नाही, समोरचं जास्त घेतो, मागचं कमी. त्याला आवाज कमी असतो, बूस्टर लागतो, असं कुणी सांगेल. हळू बोलणाऱ्यासाठी ते खरं आहे. ट्रंपेटसमोर गेनचं बटण फार वर न्यावं लागणार नाही, तेव्हा ते पैसे वाचले. फोकसराइट स्कारलेट सोलोसारखा एका माइकचा इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, पुरतो. नवं सगळं घेतलं तर बजेट ताणलं जाईल, यातलं एक जुनं मिळतंय का बघा.

फक्त नकली फार फिरतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, अस्सल २८४ ग्रॅमचा असतो. फारच हलका भरला तर सरळ परत करा. वजन बरोबर भरलं म्हणजे अस्सलच असंही नाही, आत लोखंड भरणारे महाभाग आहेत. बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

रिबन माइकवर, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असते त्या माइकवर, ट्रंपेट लोण्यासारखं येतं, खोटं कशाला बोलू. पण बहुतेक रिबन पुढचं जेवढं घेतो तेवढंच मागचं घेतो. म्हणजे अण्णा एकदा आणि टाइल्स एकदा.

आता माइकपेक्षा महत्त्वाचं. लोक गायकासारखा माइक भोंग्यात घुसवतात. अडीच-तीन फूट लांब ठेवा. अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलनं उतरतो. आणि भोंग्याच्या बरोबर समोर नको, हातभर बाजूला. ट्रंपेटचे वरचे तीक्ष्ण स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, एसएम ५७ला आधीच पाच-सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात चढ आहे, दोन्ही जुळले की कानात सुई. बाजूला सरकवला की पितळ राहतं, सुई जाते.

लांब नेलं की खोली जास्त ऐकू येणार, म्हणून गोधड्या. एक अण्णांच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे माइकच्या पलीकडे, एक त्यांच्या पाठीशी. सर्वांत जोराच्या जागी रेकॉर्डिंगचा मीटर उणे दहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटवर करा, हळू झालं तर मागून वाढवता येतं.

अंतराचं म्हणाल तर १९२३ साली अमेरिकेत किंग ऑलिव्हरच्या जाझ बँडचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा माइकच नव्हता, आवाज गोळा करणाऱ्या एका मोठ्या भोंग्यासमोर सगळ्यांनी वाजवायचं. तेव्हा पुढे ट्रंपेटसाठी गाजलेल्या तरुण लुई आर्मस्ट्राँगला म्हणे बाकीच्यांच्या बरंच मागं उभं केलं होतं, कारण तो सगळ्यांना झाकून टाकत होता. अण्णांना हे सांगा, तीन फुटांचा राग येणार नाही.

हळदोणेकरीण

मी गोव्याची, फेस्तांच्या, म्हणजे चर्चच्या सणांच्या, बँडात ट्रंपेट वाजवते. जाझ ट्रंपेटवाला चिक चॉकलेट आमच्या हळदोण्याचा. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातलं त्याचं ट्रंपेट ऐकून अण्णांच्या पिढीतले कितीतरी बँडवाले शिकले असतील.

वर माइकचं सगळं आलंय, मी ओठांचं सांगते. सर्वांत उंच सुरांच्या चाली आधी घ्या. ओठ वीस मिनिटांत थकतात, आणि थकलेला वादक माउथपीस जोरात दाबतो. हलत्या दातांवर ते नकोच. दोन चाली झाल्या की तेवढाच वेळ विश्रांती, मध्ये चहा नको, कोमट पाणी.

दुसरं म्हणजे माइक दिसला की आम्ही त्याच्याकडेच वळून वाजवतो, सवयच ती. तुम्ही कोन लावाल आणि अण्णा तो मोडतील. त्यांना बघायला दुसरं काहीतरी द्या.

आणि बसवू नका. रस्त्यावर चालत वाजवलेला माणूस खुर्चीत बसला की अर्धा श्वास तिथंच संपतो.

कृष्णाकाठ

दादा, ताई, काल रात्री पहिलं रेकॉर्डिंग झालं.

माइक अजून घेतला नाही. गल्लीतल्या मंडपवाल्याकडून एसएम ५७ दोन दिवसांसाठी मागून आणला. आईच्या काट्यावर २८३ भरला, एक ग्रॅम जाळीच्या चेपलेल्या कोपऱ्यात गेला असावा. इंटरफेस मित्राचा.

आधी मुद्दाम अर्ध्या फुटावरून सरळ समोर धरून घेतलं. फाटलं नाही, पण टोचलं. मग तीन फूट आणि हातभर डावीकडे. फरक मलाही कळला, आणि मला तर सा कुठला नि प कुठला ते कळत नाही. गोधड्या दोरीवर टांगल्या, तिसरी आईनं स्वतःहून आणून जमिनीवर अंथरली. टाळी वाजवून बघितली, खोली गप्प.

ताई, तुमचं खरं निघालं. अण्णा पहिल्या दोन वेळा माइककडे वळले. तिसऱ्या वेळी मी समोरच्या गोधडीवर त्यांच्या बँडाचा जुना फोटो टाचणीनं लावला. मग नजर तिथंच राहिली, एका चालीत तर पायही उचलायला लागले, वरातीत उचलतात तसे. रेकॉर्डिंगमध्ये पायांची धपधप येते. ती काढायची का विचारलं तर म्हणाले, "राहू दे, ढोलवाला नाही ना आपल्याकडं."

वहीत ४१ चाली आहेत. काल चार झाल्या. माइक शनिवारी परत द्यायचाय, तोवर कुणाकडं जुना एसएम ५७ असेल तर कळवा. वजन सांगून कळवा.