सिगरेटने नाकातली प्रोटीन्स बदलतात म्हणे, म्हणजे नक्की काय होतं?

टपरीवरचा_कटिंग
नमस्कार मंडळी. वय ४१, गेली १६ वर्षं ओढतोय, दिवसाला आठ-दहा, जास्त करून ऑफिसखाली चहाबरोबर. दोनेक वर्षं झाली नाक कायम चोंदलेलं, घशात मागून काहीतरी उतरत राहतं, आणि परवा तर कहर झाला, दूध लागलं गॅसवर, मी तिथेच ओट्यापाशी फोन बघत उभा आणि मला वास नाही, बायको बाहेरच्या खोलीतून ओरडत आली. मग गेलो एकदाचा ईएनटीकडे. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं, म्हणाले अस्तर बिघडलंय, सिगरेट बंद करा, धुराने नाकातली प्रोटीन्ससुद्धा बदलतात. आणि पुढचा पेशंट आत! आता प्रोटीन म्हणजे मला डाळ, अंडी आणि जिमवाल्यांचे डबे एवढंच माहीत. नाकात कसली प्रोटीन्स? आणि धूर तर फुफ्फुसात जातो ना, नाकाचा काय संबंध?

बंड्या_नंबर_दोन
धूर नाकातून सोडता का? मग संबंध तिथेच आला की राव 😀

पिपेटवाली
मी लॅबमध्ये प्रोटीनवरच काम करते (रक्तातल्या, नाकातल्या नाही). डॉक्टर नाहीये, औषध विचारू नका.

आधी संबंधाचं. नाक आणि छातीतल्या श्वासनळ्या, दोन्हींना आतून साधारण एकाच जातीचं अस्तर असतं, केसाळ पेशी आणि त्यांच्यामध्ये शेंबूड बनवणाऱ्या पेशी. त्या शेंबडात, सॉरी पण शब्द तोच आहे, शेकडो प्रोटीन्स असतात, कुणी जंतू धरतं, कुणी सूज आवरतं. छातीत नळी घालण्यापेक्षा नाक धुणं सोपं, म्हणून संशोधक नाकाचं पाणी तपासतात. जलनेती केलीय कधी? जवळपास तसंच, मिठाचं पाणी नाकपुडीत घालून परत गोळा करायचं, फिरवून पेशी वेगळ्या काढायच्या आणि उरलेल्या पाण्यातली प्रोटीन्स जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरावर, पसरायची, एका दिशेने चार्जप्रमाणे, दुसऱ्या दिशेने वजनाप्रमाणे. रांगोळीच्या ठिपक्यांसारखं दिसतं. स्वीडनमध्ये लिंशॉपिंगच्या लोकांनी २००१ च्या सुमारास ओढणारे आणि न ओढणारे असे दोन्हींचे ठिपके शेजारी ठेवून पाहिले आणि काही ठिपके सरळसरळ वेगळे निघाले. त्यांनाच प्लंक नावाचं एक प्रोटीन ओढणाऱ्यांच्यात कमी सापडलं, आणि ते काही फालतू नाही, जंतूंच्या भिंतीतल्या विषाला चिकटतं ते.

तुमच्या चोंदण्याशी जास्त जवळचं म्हणजे सीएफटीआर. हे पेशीच्या दारातलं प्रोटीन, क्लोराइड बाहेर सोडतं, त्याच्यामागून पाणी येतं आणि शेंबूड पातळ राहतो. हेच जन्मतः बिघडलेलं असेल तर सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे कफ फार घट्ट होण्याचा आजार, होतो. २००६ मध्ये ओढणाऱ्यांच्या नाकात बारीक इलेक्ट्रोड ठेवून मोजलं तर जीन अगदी धडधाकट असूनही हे दार नीट उघडत नव्हतं. वर धुरामुळे म्यूसिन, म्हणजे शेंबडाला चिकटपणा देणारं प्रोटीन, वाढतं. पाणी कमी, पीठ जास्त, पिठलं घट्ट होणारच.

शंकासुर_७
छान लिहिलंय ताई. पण हे प्रोटीन बनतंच कमी, का बनलेलं खराब होतं? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत ना.

पिपेटवाली
बरोबर पकडलंत, आणि मला तोच भाग सगळ्यात आवडतो. दोन्ही होतं. काही जीन्सचा आवाज धूर वाढवतो नाहीतर दाबतो, ते झालं कमी-जास्त बनण्याचं. पण अल्फा-वन-अँटिट्रिप्सिन घ्या. आपल्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचं एक कातरणारं एन्झाइम सोडतात, जंतूंसाठी, पण मोकाट सुटलं तर आपलंच अस्तर कुरतडतं. त्याला धरायला हे अँटिट्रिप्सिन म्हणजे उंदराचा पिंजरा. आत भजीचा तुकडा लावलेला, तो म्हणजे प्रोटीनच्या साखळीतला ३५८ नंबरचा मणी, मेथिओनिन. इलास्टेज तिथे चावा घेतं आणि खटका पडतो. धुरातले ऑक्सिडंट नेमकं ते मेथिओनिन ऑक्सिडाइज करतात, भजी करपते म्हणा, उंदीर धड तोंड लावत नाही. पिंजरा मोजायला गेलात तर जागेवर आहे, संख्या पण ठीक, पकडत मात्र नाही! ही भानगड आधी ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसातल्या पाण्यात दिसली होती. आणि त्या स्वीडिश ठिपक्यांमध्येही याच प्रोटीनची काही आम्लधर्मी रूपं बदललेली होती, म्हणून नुसतं 'किती आहे' मोजून भागत नाही.

शिवाय धुरात अ‍ॅक्रोलिन असतं, करपलेल्या तेलाचा डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, तेच. ते प्रोटीनच्या साखळीतल्या सिस्टीन नावाच्या मण्याला जाऊन घट्ट चिकटतं.

मिंट_फ्लेवर
मी तर वेपवर, म्हणजे ई-सिगरेटवर, शिफ्ट झालोय, धूरच नाही, मग नाक सेफ ना?

शंकासुर_७
एक तर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे, कुठून आणतोस ते तुझं तू बघ. दुसरं, २०१६ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात नाकातलं अस्तर खरवडून पाहिलं होतं, रोगप्रतिकाराच्या जीन्सपैकी सिगरेटवाल्यांच्यात ५३ दबलेल्या आणि वेपवाल्यांच्यात त्या ५३ धरून ३५८. हे जीन्सचं आहे, प्रोटीनचं नाही, नाहीतर ताई ओरडतील.

पिपेटवाली
ओरडणार नव्हते. पण हो, फरक आहे 🙂

नाईट_ड्युटी
ईएनटीला रेसिडेंट आहे, पटकन लिहितो. कटिंगभाऊ, सॅकरिन टेस्ट म्हणून एक साधी गोष्ट असते, सॅकरिनचा कण नाकात पुढे ठेवायचा आणि घशात गोड कधी लागतं ते घड्याळात बघायचं. चांगल्या नाकात साधारण १०-१५ मिनिटं, ओढणाऱ्यांना जास्त लागतात, कारण शेंबूड मागे ढकलणाऱ्या केसाळ पेशी कमी आणि शेंबूड चिकट. सोडल्यावर हे सुधारतं, वासही बऱ्याच जणांचा हळूहळू परत येतो, पण महिन्यांच्या हिशोबाने, आठवड्याभरात नाही. आणि वास जायला पॉलिप (नाकात वाढणारी मऊ गाठ) वगैरे दुसरी कारणंही असतात, तेव्हा फॉलोअपला जाच.

टपरीवरचा_कटिंग
सगळ्यांचे आभार, पिंजऱ्याचं बायकोला वाचून दाखवलं, आता घरात मला करपलेली भजी म्हणतायत. कालपासून चारवर आणलीय. आणि एक कबूल करतो, सॅकरिन नव्हतं म्हणून साखरेचा दाणा ठेवून बघितला, तिसऱ्या मिनिटाला जोरात शिंक आली आणि दाणा कुठे गेला देव जाणे.

नाईट_ड्युटी
अहो साखर नाही हो! आणि मधे शिंकलात की टेस्ट बाद. ओपीडीत या... म्हणजे तुमच्या डॉक्टरकडे जा, ते करतील.